अपडेट मारल्यापासून फोन दुपारीच बंद पडते, लवकर सांगा

पराटीवाला:
नमस्कार मंडळी. फोनवर अपडेट आलं, रात्री चार्जिंगला लावून मारून टाकलं. तेव्हापासून बॅटरी टिकूनच नाही रायली. सकाळी फुल करून वावरात जातो, भाकर खायच्या टायमाले लाल कांडी. आधी रात्री झोपेपर्यंत आरामात चालत होता. इकडे सीतादई (वेचाईआधीची पूजा) झाली, कापसाची वेचाई सुरू आहे, सीसीआयले (कापूस महामंडळाले) कापूस विकायचा स्लॉट घ्यायचा आहे आणि ओटीपी येते तेव्हा फोन मेलेला. अपडेट काढून टाकायचं कसं तेवढं सांगा. लेक्चर नको.

नेटका:
फोन कोणता? किती जुना? अपडेट अँड्रॉइडचं मोठं होतं की महिन्याचं सिक्युरिटीवालं?

पराटीवाला:
साधा फोन आहे, बारा-तेरा हजारवाला. कंपनी सांगितली की इथं भांडणं लागतात, मागच्या धाग्यावर पाहिलं मी. अपडेट काढता येते की नाही?

नेटका:
सरळ उत्तर: नाही. मागे जायचं तर बहुतेक फोनमध्ये बूटलोडर (फोन सुरू करणारं आतलं कुलूपबंद सॉफ्टवेअर) उघडावा लागतो, त्यात फोनमधलं सगळं पुसलं जातं. बऱ्याच फोनमध्ये तर जुनी आवृत्ती परत बसूच नये अशी सोय कंपनीनेच केलेली असते. त्या वाटेला जाऊ नका.

शटरवाला मेकॅनिक:
भाऊ, बॅटरी गेली आहे. माझ्या दुकानात रोज अशीच गिऱ्हाइकं येतात, सगळे अपडेटले शिव्या देतात आणि बॅटरी बदलली की गप्प. दोन वर्षं झाली असतील तर लिथियम बॅटरी थकतेच. त्यात आपल्याकडचा मे महिना, पंचेचाळीसच्या वर पारा आणि फोन टिनाच्या शेडखाली किंवा गाडीच्या डिक्कीत. चार्जिंगपेक्षा गर्मी जास्त खाते बॅटरीले. ओरिजिनल टाका, लोकल टाकू नका.

सदाशिव पेठेतला वऱ्हाडी:
बॅटरी एका रात्रीत थकते का हो? अपडेटच्या दुसऱ्या दिवसापासून होतंय म्हणतात ते. कंपन्या हे मुद्दाम करतात, नवा फोन खपवायला. ॲपलने २०१७ मध्ये कबूल केलं होतं. फ्रान्समध्ये अडीच कोटी युरोचा दंड बसला.

नेटका:
अर्धंच सांगताय. ॲपलने जुन्या आयफोनचा वेग कमी केला होता, थकलेल्या बॅटरीवर फोन अचानक बंद पडू नये म्हणून. दंड बसला तो लोकांना न सांगता केलं म्हणून. बॅटरी कमी टिकावी असं त्यात काही नव्हतं, उलटच होतं. तुम्हाला हवं ते उदाहरण गूगलचं आहे. जानेवारी २०२५ मध्ये पिक्सेल ४ए ला अपडेट आलं आणि काही फोनांची बॅटरी खरोखर कमी भरायला लागली. गूगलने तसं सांगितलं आणि फुकट बॅटरी बदलून देण्याचा पर्यायही ठेवला. म्हणजे होऊ शकतं. पण प्रत्येक अपडेटमागे कट शोधू नका.

सदाशिव पेठेतला वऱ्हाडी:
इटलीत २०१८ मध्ये सॅमसंगलाही ५० लाख युरो भरायला लावले, तेही सांगा की मग. की तेवढं सोयीस्कर विसरलात?

काकाजी हिंगणघाट:
पराटीवाले, स्लॉट मिळालाच तर ओलावा पाहूनच गाडी भरजा. १२ टक्क्यांच्या वर गेला की सीसीआयवाले घेत नाहीत, ८ च्या आत असला तर पूर्ण भाव. लांब धाग्याले २०२५-२६ च्या हंगामात क्विंटलले ८११० हमीभाव होता. आमच्याकडे दवानं भिजलेला घेऊन गेले आणि गाडी वापस आली.

पराटीवाला:
काकाजी ते माहीत आहे मले. आधी फोन सुरू राहू द्या न बाप्पा.

विजू ६०६:
क्लीनर ॲप टाका, मी वापरतो, एकदम मस्त. सगळे ॲप दर तासाले काढून टाकते. नाही जमलं तर फॅक्टरी रिसेट मारा, पोरगं नवं जन्मल्यासारखा फोन होते.

नेटका:
क्लीनर ॲप अजिबात नको. तेच चोवीस तास मागे चालत बसतं, आणि काढलेली ॲप पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात त्यात जास्त बॅटरी जाते.

विजू ६०६:
माझ्या फोनवर तर चालून रायलं. तुमचं काय जाते?

पराटीवाला:
रिसेट नाही मारत. सातबाऱ्याचे, पासबुकाचे फोटो सगळे त्यातच आहेत. आणि दुकानवाले भाऊ, बॅटरीचे पैसे कापूस विकल्यावर. कापूस विकायलेच तर फोन पाहिजे.

टॉवरवाला वणी:
सगळे बॅटरीच्या मागे लागले. मी टॉवरच्या मेंटेनन्सवर होतो, म्हणून विचारतो. (१) वावरात नेटवर्कची कांडी किती येते? (२) फोन खिशात नुसता ठेवलेला असताना गरम लागते का? (३) सिम किती? (४) सेटिंगमध्ये बॅटरीत जाऊन पाहा, सगळ्यात वर कोणाचं नाव आहे?

पराटीवाला:
कांडी एक, कधी तीही नाही. गावात दोन-तीन. गरम तर लागते, काल वेचणाऱ्या बायांचा हिशेब लिहाले खिशातून काढला तर तवा. मले वाटलं उन्हानं. बॅटरीत वर ‘मोबाईल नेटवर्क’ आहे, युट्यूब खाली. सिम दोन.

टॉवरवाला वणी:
दुसरं सिम कोणतं? सुरू आहे?

पराटीवाला:
ते जुनं आहे, त्याचा टॉवर आमच्या गावात नाहीच. राळेगावात गेलं की येते. स्लॉटच्या कपास किसान ॲपमध्ये तोच नंबर दिलेला आहे, आधारलेही तोच. एरवी बंद करून ठेवत होतो सेटिंगमधून. आता पाहिलं तर सुरू दिसून रायलं! मी नाही केलं.

टॉवरवाला वणी:
हेच पाहिजे होतं. ज्या सिमले टॉवर नाही ते दिवसभर टॉवर धुंडत फिरते. आणि पहिल्या सिमचा टॉवर लांब असला की फोन पूर्ण जोर लावून सिग्नल फेकते, म्हणून गरम. त्यात गावची लाईन गेली आणि टॉवरची बॅटरी उतरली की दोन्ही सिम धुंडतात. आता मोबाईल नेटवर्कमध्ये जाऊन पहिल्या सिमचं ‘प्रेफर्ड नेटवर्क’ पाहा. ५जी ऑटो असेल. तुमच्या वावरात ५जी धड येत नसेल तर फोन ४जी-५जी ४जी-५जी करत बसते. ते नुसतं ४जी करा.

पराटीवाला:
५जी ऑटोच आहे. पण मग अपडेटच्या आधी काहून नाही झालं?

टॉवरवाला वणी:
मोठ्या अपडेटमध्ये नेटवर्कच्या सेटिंग कधी कधी नव्या फोनसारख्या मूळच्यावर येतात. माझ्या भाच्याच्या फोनवर झालं होतं.

नेटका:
भाच्याचं ठीक, पण सिम आपोआप सुरू होणं मी तरी पाहिलं नाही. घरात कोणी फोन हाताळत असेल. बाकी ४जी करण्याला सहमत. अपडेटनंतर एक-दोन दिवस फोन आतल्या आत सगळी ॲप नव्याने जुळवतो तेव्हाही बॅटरी जाते, तो भाग आता संपला असेल.

शटरवाला मेकॅनिक:
आणि रात्री मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज पडते, चार्जर भरतच नाही, तेही धरा.

टॉवरवाला वणी:
चार्जरवर १०० ते २४० व्होल्ट छापलेलं असते, चष्मा लावून वाचा. फार पडलं तर गोष्ट वेगळी.

पराटीवाला:
४जी केलं, दुसरं सिम बंद केलं. आज ढोरं बांधली तरी ३८ टक्के होती. पण आता ओटीपीचं काय? तो नंबर बंद ठेवला तर ओटीपी कुठून येईल? हे कोणी सांगत नाही.

टॉवरवाला वणी:
पोर्ट करून घ्या गावात चालणाऱ्या कंपनीवर. नंबर तोच राहते. त्या सिमवरून १९०० वर ‘पोर्ट’ आणि पुढे दहा आकडी नंबर असा मेसेज करायचा, पोर्ट हे इंग्रजी अक्षरात. कोड येते, तो चार दिवस चालते. राळेगावात जाऊनच करा, गावातून मेसेज जाणार नाही. कोड आणि आधार घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात. काही दिवस लागतात, तोवर स्लॉट घ्यायच्या वेळेपुरतं सिम सुरू करून गावाबाहेर नेटवर्क लागते तिथं उभे राहा.

पराटीवाला:
सोमवारी बाजाराले जातो तेव्हा करतो. आणि घरच्याले विचारलं, सिमले कोणी हात लावला नाही म्हणतात. ॲडमिन, धागा बंद करू नका, पोर्ट झाल्यावर लिहितो.

शटरवाला मेकॅनिक:
बॅटरी पण दाखवूनच घ्या एकदा, फुगली तर स्क्रीन उचलते.

चिमूरकर:
माझ्या फोनवर अपडेट आल्यापासून अलार्म वाजत नाही. कोणी सांगेल का? अर्जंट आहे.

नेटका:
नवीन धागा काढा. आणि फोन कोणता ते आधी लिहा.