अनुभव सांगा : ‘मेरा साया’ अजूनही का पाहिला जातो?

यंदा गावच्या यात्रेत मोठ्या पडद्यावर ‘मेरा साया’ लावला. राज खोसलांचा 1966 चा सिनेमा, सुनील दत्त अन् साधनाचा, शेवट अख्ख्या गावाले पाठ, तरी सतरंज्या भरल्या. तुमचा अनुभव लिहा. वऱ्हाडीत लिहिलं तरी चालते.

दर्यापूरकडून
आमच्याकडं टुरिंग टॉकीज ये. तंबूत माणसं एकीकडं, बाया दुसरीकडं. बरेलीच्या झुमक्याच्या गाण्यावर चिल्लर उडे, ते वेचाले आमी पोट्टे पयलेच समोर जाऊन बसो. कोर्टाचा सीन आला का मंग चिडीचूप. बाबाले शेवट मालूम होता, तरी शेतात डवरता डवरता ते वकिलाचीच बाजू घेऊन शेजारच्या बुड्यासंग भांडत!

आर्वीहून
मुलगी होते तेव्हा रहस्यासाठी आवडला, लग्नानंतर सुनील दत्तसाठी. बायको त्याच्या हातांत गेलेली. आता तिच्यासारखीच दिसणारी, डाकू म्हणून पकडलेली बाई भर कोर्टात नवरा-बायकोच्या खासगी गोष्टी सांगते, आणि हा वकील म्हणून तिची उलटतपासणी घेतो. तिचं खरं निघावं असं त्याला आतून वाटतंय, पण तसं मानायची सोय नाही. मंगळसूत्राच्या प्रश्नावर ती अडखळते, तिथं मी साधनाकडे नाही, त्याच्याकडे पाहते. आमच्या सासूबाई त्या जागी दर वेळी चिडायच्या, ‘घरच्या बाईले वळखाले पुरावा लागते का व माय?’ आम्ही हसायचो. त्यांचं मात्र बरोबर होतं, असं आता वाटते.

दिग्रसजवळून
मदनमोहनचं संगीत. बाकी काही नाही. रात्रीची लाईन असली का ओलिताले जातो, तवा मोबाईलवर यातलं लताबाईचं गाणं लावतो.

मोर्शीहून
सगळे हिंदीवरच! मूळ सिनेमा मराठी हाये भाऊ : राजा परांजपेंचा ‘पाठलाग’, 1964. काशिनाथ घाणेकर अन् भावना. त्यातलं ‘या डोळ्यांची दोन पाखरे’ गदिमांचं, आशाबाईंनी गायलेलं. मले तर घाणेकरच जास्त पटतात.

वरोऱ्याहून
मी विशीतली. मोबाईलवर पाहिला अन् जुळी बहीण असणार हे अर्ध्यातच वळखलं. खरं सांगू का, ती पळवाट सोपीच हाये. आजी म्हणे, ‘गपचूप पाय.’ पण या दोघी बहिणी, निशा अन् गीता, समोरासमोर येतात तिथून मोबाईल हातातून सुटला नाही. साधना एकीच्या नजरेत जो कडकपणा आणते, तो दुसरीत औषधालेबी सापडत नाही.