प्रतिसाद: पाइक्स पीकचा उतार

सायकलने डोंगर उतरणं म्हणजे नुसतं बसून राहायचं, त्यात कसले कष्ट, असं एकाने म्हटलंय. ते मला अजिबात पटत नाही. इथे अमेरिकेत, कोलोरॅडोत, आम्ही मित्र पाइक्स पीक या डोंगरावरून सायकलने उतरतो. माथा ४,३०२ मीटरवर, म्हणजे कळसूबाईच्या अडीच पटीहून उंच. खाली टोलनाक्यापर्यंत साधारण ३० किलोमीटर आणि दीडशेच्या वर वळणं!

खरं काम हातांचं असतं. ब्रेक सतत दाबून ठेवले तर चाकाची रिम तापते, आणि फार तापली तर ट्यूब फुटू शकते. म्हणून वळणाच्या आधीच, दोन्ही ब्रेक मिळून, थोडा वेळ पण जोरात दाबायचे आणि मग सोडायचे. गाड्यांचेही ब्रेक तापतात; वाटेतल्या ग्लेन कोव्ह या थांब्यावर रेंजर खाली येणाऱ्या गाड्यांच्या ब्रेकचं तापमान मोजतात, यावरूनच उताराचा अंदाज येईल.

वरच्या टप्प्यात झाडं नाहीत, बऱ्याच ठिकाणी कठडाही नाही. वारा असा झोंबतो की भर जुलैतही बोटं बधिर होतात आणि ब्रेक नीट दाबता येत नाहीत. पूर्ण बोटांचे हातमोजे आणि विंडचीटर हवाच, यावर मी अडूनच बसेन. उन्हाळ्यात दुपारी विजा कडाडतात, त्यामुळे सकाळीच माथा सोडावा.

मित्रांसोबत असाल तर दोन सायकलींत भरपूर अंतर ठेवा. गप्पा ग्लेन कोव्हला थांबून मारा, तिथे गरम कॉफीही मिळते.