वरचं आसाम सोडलं, बातम्या सुटत नाहीत: तुमचे अनुभव सांगा

नोकरी, बदली, लग्न, शिक्षण अशा कुठल्याही कारणाने दिब्रुगड-शिवसागर-जोरहाट पट्ट्यात राहून परत आलेली बरीच मराठी माणसं इथे आहेत. आपल्याकडच्या पेपरात आसाम दिसतं ते पुरात किंवा निवडणुकीत. एरवी शुकशुकाट. तर तिथली कुठली बातमी तुम्हाला हातातलं काम ठेवून वाचावीशी वाटली? थोडक्यात लिहा, सविस्तर लिहा, वाद घाला.

नाझिराची वहिनी
माझे यजमान तेलाच्या नोकरीत, त्यामुळे नव्वदच्या दशकातली बरीच वर्षं नाझिराला गेली. रविवारी डबे भरून आम्ही सगळी कुटुंबं चराइदेवला जायचो. आहोम राजांची ती दफनस्थळं, मोइदाम. गवताने झाकलेल्या टेकड्या, त्यांच्यावर चरणाऱ्या बकऱ्या, आणि पायथ्याशी आमच्या पुरी-भाजीच्या पंगती. पहिला आहोम राजा सुकाफाने तेराव्या शतकात पहिली राजधानी तिथे वसवली आणि त्याच्या वंशाने सहाशे वर्षं राज्य केलं, हे आम्हाला शाळेत कोणी शिकवलंच नव्हतं. आमच्या मुलांना ते तिथल्या शाळेत कळलं आणि मुलांकडून आम्हाला.

२६ जुलै २०२४ ला मोइदाम जागतिक वारसा यादीत गेले. यजमानांनी जुन्या शेजाऱ्यांना एकामागून एक फोन लावले; कोणी बडोद्यात, कोणी देहरादूनला. पुढच्या जुलैत आपले किल्ले यादीत आले तेव्हा सोसायटीत पेढे वाटले. मोइदामच्या वेळी मात्र पेढे आमच्याच घरात. मी जिना चढून वरच्या मजल्यावर देऊन आले, तर विचारणा झाली, ‘नात झाली का?’

आणखी एक. २९ डिसेंबर २०२३ ला उल्फाच्या, म्हणजे स्वतंत्र आसामसाठी शस्त्रं उचललेल्या संघटनेच्या, चर्चेला तयार असलेल्या गटाशी सरकारचा करार झाला. परेश बरुआचा गट त्यात नाही, पण तरी. दर १५ ऑगस्टला बंदची हाक असायची. तेव्हा वसाहतीचं फाटक बंद, मुलं घरात आणि झेंडा आतल्याआत, हे ज्यांनी काढलंय त्यांना त्या छोट्याशा बातमीचं वजन कळेल.

फेरीवाला (बोटीचा)
ब्रह्मपुत्रेवरचा बोगीबील पूल. तो होण्याआधी दिब्रुगडहून धेमाजीकडे जायचं म्हणजे होडीघाट. दोन फळ्यांवरून जीप बोटीवर चढवायची, तिच्याभोवती मोटारसायकली, सायकली, कोंबड्या आणि माणसं. अंधार पडला की बोटी बंद. पलीकडे कोणी आजारी पडलं तर उजाडेपर्यंत थांबायचं. पायाभरणी १९९७ ची, उद्घाटन २५ डिसेंबर २०१८ चं. ४.९४ किलोमीटर, खाली रेल्वे, वर रस्ता. टीव्हीवर ते बघताना घरच्यांना सांगत होतो की किती मोठी गोष्ट आहे, पण ज्याला नदी ओलांडायला कधी अर्धा दिवस लागला नाही त्याला ते कसं कळावं?

जोरहाट शाखा
मी बँकेत होतो. मराठी आहे म्हटल्यावर तिथला प्रत्येक सुशिक्षित माणूस शिवाजी महाराजांबद्दल बोलायचा आणि लगेच आहोमांचा सेनापती लाचित बोरफुकन याच्यावर यायचा. सुरुवातीला वाटलं, पाहुण्याला बरं वाटावं म्हणून बोलतात. पण धागा खराच आहे. आग्र्यात महाराजांसाठी जामीन राहिला तो मिर्झाराजे जयसिंगाचा मुलगा रामसिंग. महाराज १६६६ मध्ये निसटले, रामसिंगावर औरंगजेबाची मर्जी खप्पा झाली, आणि पुढे त्यालाच आसामच्या मोहिमेवर धाडलं. १६७१ ला सराईघाटावर ब्रह्मपुत्रेच्या पात्रात लाचितने त्याला हरवलं. म्हणजे एकाच सरदाराची दोन्हीकडे फजिती!

मार्च २०२४ मध्ये जोरहाटजवळ होलोंगापारला लाचितचा भव्य पुतळा उभा राहिला. शिल्पकार राम सुतार, आपल्या धुळे जिल्ह्यातले. पुतळ्यांच्या उंचीच्या स्पर्धेचं मला फारसं कौतुक नाही. ही बातमी मात्र कात्रण काढून तिथल्या जुन्या शिपाईदादांना पाठवली. त्यांनी उलट विचारलं, ‘साहेब, लोन मेळा आता कधी?’

कृषी विद्यापीठाची पोर
आसामचा गायक झुबीन गर्ग गेला. १९ सप्टेंबर २०२५. ऑफिसात रडले तर शेजारचा म्हणाला, ‘कोण गं?’ त्याचं हिंदी गाणं ‘या अली’ म्हटल्यावर ‘अच्छा तो!’ आता काय सांगणार? जोरहाटला आमच्या हॉस्टेलच्या प्रत्येक बिहूला, प्रत्येक प्रेमभंगाला त्याचाच आवाज होता. तो काही काळ जोरहाटात राहिलेला, त्यामुळे सगळ्यांचा घरचा. मी गेल्यावर माझं ‘मायाबिनी’ गाणं म्हणा, असं त्याने म्हणून ठेवलं होतं, आणि गुवाहाटीच्या रस्त्यांवर लाखो लोकांनी ते म्हटलं. मी बाणेरच्या पीजीत कानात इअरफोन घालून म्हटलं. रूममेट तमिळ, तिने मध्ये काही विचारलं नाही. तेवढं पुष्कळ झालं.

कडू चहा
सगळं गोड चाललंय, म्हणून जरा वेगळं. ३१ ऑगस्ट २०१९ ला एनआरसीची, म्हणजे आसामातल्या नागरिकांच्या नोंदवहीची, अंतिम यादी आली, १९ लाखांहून जास्त लोक बाहेर. नाशिकला प्रत्येकाला माझ्याकडून एका वाक्यात निकाल हवा होता, बरोबर की चूक. माझ्याकडे एक वाक्य नव्हतं. तिनसुकियाला आमच्याकडे काम करणाऱ्या मावशींची कागदपत्रं पुरात गेली होती, हे मला माहीत होतं. आणि आमचा आसामी घरमालक, अतिशय सज्जन माणूस, परकीयांविरुद्धच्या आसाम आंदोलनात भाऊ गमावलेला, तोही माहीत होता. दोघांच्या हातचं खाल्लंय. व्हॉट्सअॅपवर गरमागरम मतं फेकणाऱ्यांनी निदान एक पावसाळा तिथे काढावा.

२०२० मध्ये तिनसुकियाजवळच्या बागजानची तेल-वायूची विहीर फुटली, जूनमध्ये पेटली, विझायला नोव्हेंबर उजाडला. मागुरी बील या तळ्यावर मी पक्षी बघायला जायचे, ते तिथून अगदी जवळ. आपल्याकडे लॉकडाउनच्या धबडग्यात ते आतल्या पानावर दोन दिवस आलं आणि गेलं.

उरुका
@कडू चहा, पटलं. माझी बातमी साधी: संक्रांत. तिथे भोगाली बिहूच्या आदल्या रात्री, उरुकाला, शेतात सगळं गाव जेवतं आणि पहाटे मेजी, म्हणजे लाकूड-गवताची रचलेली होळी, पेटवतात. तीळ-गुळाचा पिठा (तांदळाच्या पिठाचा गोड पदार्थ) आणि आपला तिळगूळ एकाच दिवशी. दरवर्षी पलीकडून पिठ्याचा फोटो येतो, इकडून वडीचा जातो. फोटोत चव येत नाही, ही तक्रार दोन्हीकडून.

परळचा पत्ता
आमच्याकडे बातमी फोनवरून यायची. जोरहाट सोडून मुंबईत आलो तेव्हापासून ओळखीचे, ओळखीच्यांचे ओळखीचे, सगळे टाटा हॉस्पिटलसाठी यायचे. परळला खोली मिळेल का, वाशीच्या आसाम भवनात जागा आहे का, दुभाषा म्हणून रांगेत उभे राहाल का. बायको डब्यात टेंगा, म्हणजे आंबट रश्श्यातला मासा द्यायची; कोकम घालून, कारण तिथलं आंबट फळ ओउ टेंगा इथे मिळत नाही.

एप्रिल २०२२ मध्ये दिब्रुगडसह सात कॅन्सर रुग्णालयं आसामातच सुरू झाली. तेव्हापासून फोन बरेच कमी झालेत. गेल्या महिन्यात एक आला. आवाज ओळखीचा, पोटात धस्स झालं. पण त्यांना मुलाच्या इंजिनिअरिंग प्रवेशासाठी पुण्यातलं हॉस्टेल हवं होतं. कोथरूड-कर्वेनगर भागातलं चांगलं, मासे चालणारं कुणाला माहीत असेल तर इथेच कळवा.