मदत हवी आहे: बाबांचा प्रोस्टेट कॅन्सर आणि सेलेनियमच्या गोळ्या

खामगावचा बाळू:
बाबा ६९ वर्षांचे. दीड वर्षापूर्वी प्रोस्टेटच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, पीएसए (प्रोस्टेटची रक्ततपासणी) आटोक्यात आहे. दिवाळीत न्यू जर्सीचा आतेभाऊ आला. येताना सेलेनियम नावाच्या खनिजाची बाटली (एका कॅप्सूलमध्ये २०० मायक्रोग्रॅम) आणि ब्राझील नट्सचं मोठं पाकीट घेऊन आला. "याने कॅन्सर परत येत नाही" म्हणाला. झालं! तेव्हापासून सकाळी एक कॅप्सूल, चहासोबत तीन नट्स, वर जुनी मल्टीव्हिटॅमिन आहेच.

गंमत बघा. आमच्या शेजारच्या शेगाव तालुक्यात गेल्या वर्षी, जानेवारी २०२५ च्या सुमारास, लोकांचे केस मुठीमुठीने गळत होते. डॉ. हिंमतराव बावस्करांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं, तेव्हापासून बाबांनी तो गहू घरात येऊ दिलेला नाही. आणि आता तेच सेलेनियम पाण्यासोबत गिळतात. मी म्हटलं तर उत्तर काय? "अमेरिकेतून आलं ना, मंग वाईट कसं राहीन?"

सेलेनियमने कॅन्सर खरंच टळतो का? नेटवर दोन्ही टोकांचं वाचलं, डोकं भणाणलं. कोणी नीट सांगेल का?

सावली:
माझी आई रोज दोन नट्स खाते, काही झालं नाही. उगाच घाबरू नका.

अर्धा कप:
सावलीताई, दोन नट्स आणि यांच्या बाबांचा हिशोब यात फरक आहे, खाली मांडते. मी आहारतज्ज्ञ आहे, कॅन्सरची डॉक्टर नाही, हे आधीच सांगते.

तुमच्या भावाचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही. अमेरिकेत लॅरी क्लार्क यांनी त्वचेचा कॅन्सर होऊन गेलेल्या १३१२ लोकांना रोज २०० मायक्रोग्रॅम सेलेनियम किंवा नुसतीच खोटी गोळी दिली. त्वचेच्या कॅन्सरवर परिणाम शून्य, पण १९९६ मध्ये निकाल छापले तेव्हा प्रोस्टेटचा कॅन्सर सेलेनियमवाल्यांत ६३ टक्क्यांनी कमी दिसला. बाटल्यांचा धंदा तिथून फोफावला. पुढे त्याच लोकांचे आकडे पुन्हा तपासले तर फायदा मुळात ज्यांच्या रक्तात सेलेनियम कमी होतं त्यांनाच झालेला, आणि मधुमेह मात्र गोळीवाल्यांत जास्त.

मग खास प्रोस्टेटसाठीच 'सिलेक्ट' नावाची चाचणी २००१ मध्ये सुरू झाली, ३५ हजारांहून जास्त पुरुष. २००८ मध्ये मुदतीआधीच गोळ्या थांबवल्या, कारण फायदा दिसेना. २०१४ चं विश्लेषण तर डोळे उघडणारं आहे. पायाच्या नखांची कात्रणं घेऊन शरीरातलं सेलेनियम मोजलं होतं. ज्यांच्यात ते आधीच भरपूर होतं, त्यांना गोळी दिल्यावर आक्रमक प्रोस्टेट कॅन्सरचा धोका जवळपास दुप्पट झाला.

या दोन्ही चाचण्यांतल्या लोकांना सुरुवातीला प्रोस्टेटचा कॅन्सर नव्हता, तुमच्या बाबांना होऊन गेलाय. अशा पुरुषांवरचा एक अभ्यास २०१५ मध्ये आला: निदानानंतर रोज १४० मायक्रोग्रॅम किंवा जास्त पूरक सेलेनियम घेणाऱ्यांत प्रोस्टेट कॅन्सरने मरण्याचं प्रमाण अडीचपटीहून जास्त होतं. ही निरीक्षणं आहेत, गोळीनेच झालं असं त्यावरून ठामपणे म्हणता येत नाही. पण मी त्यांच्या जागी असते तर बाटलीचं झाकण उघडलं नसतं.

आता हिशोब. आपल्याकडे मोठ्या माणसाची रोजची गरज ४० मायक्रोग्रॅम धरतात. एका ब्राझील नटमध्ये साधारण ७० ते ९०. तीन नट्स म्हणजे दोनशेच्या वर, कॅप्सूलचे २००, वर मल्टीव्हिटॅमिनमध्ये असेल ते. जेवण धरलंच नाही. अमेरिकेची कमाल मर्यादा ४००, युरोपने २०२३ मध्ये ती २५५ वर आणली. तोंडाला लसणासारखा वास, धातूची चव, नखं ठिसूळ होणं, केस गळणं, यातलं काही आहे का?

चंद्रभागा:
चीनमध्ये फायदा झाला होता ना?

अर्धा कप:
झाला होता. लिंशियान भागात, जिथे अन्ननलिकेचा आणि पोटाचा कॅन्सर खूप होता आणि लोकांचं खाणंच तुटपुंजं. बीटा-कॅरोटिन, ई जीवनसत्त्व आणि ५० मायक्रोग्रॅम सेलेनियम एकत्र दिल्यावर कॅन्सरने होणारे मृत्यू १३ टक्क्यांनी घटले. त्यातलं सेलेनियमचं श्रेय किती, ते वेगळं काढता येत नाही. आणि भुकेल्या जमिनीला खत लागतं, भरलेल्या पोटाला नाही.

खामगावचा बाळू:
खूप आभार. मल्टीव्हिटॅमिनचं लेबल भिंग लावून वाचलं, त्यातही ४० आहे. म्हणजे रोजचे साडेचारशे ते पाचशे. बाबांच्या अंगठ्याचं नख चिरलंय खरं, आम्ही म्हणत होतो शेतातलं काम. मंगळवारी डॉक्टरांकडे जातोय, बाटली सोबत नेतो. कॅप्सूल आणि नट्स आजपासून बंद. "पस्तीस हजारांच्या चाचणीत फायदा झाला नाही" हे त्यांना पटलं नाही, पण "गव्हातलंच सेलेनियम आहे" म्हटल्यावर लगेच पटलं.

एक राहिलंच. आईने परवा चाळीस नट्स कुटून डिंकाच्या लाडवांत घातलेत. साठ लाडू आहेत. टाकायचे का?

अर्धा कप:
टाकू नका. एका लाडवात पाऊण नटही येत नाही. बाबांना मात्र डॉक्टर भेटेपर्यंत नको, बाकीच्यांनी एकेक खा.