मानवी चूक आकड्यांत मोजावी का?

गेजमास्तर:
अपघाताच्या अहवालावर 'मानवी चूक' असा शेरा पडला की फाईल बंद. मला हे पटत नाही. त्या माणसाच्या हातात वेळ किती होता, प्रसंग नवखा होता का, हे मोजायलाच हवं. जेरेमी विल्यम्स यांनी १९८० च्या दशकात मांडलेल्या, मानवी चुकीची शक्यता काढायच्या 'हार्ट' पद्धतीत ती सोय आहे. हातात बसलेल्या, झटपट उरकायच्या कामात चुकीची शक्यता ०.०२ धरतात, म्हणजे शंभरात दोन. वेळ अपुरा असेल तर ती ११ पटींपर्यंत चढते, प्रसंग नवखा असेल तर १७ पटींपर्यंत. मग बोल माणसाला लावायचा की वेळापत्रकाला, ते दिसतं.

रातपाळी:
अजिबात पटलं नाही. 'हार्ट'च्या त्याच पटींच्या तक्त्यात झोपेचं चक्र बिघडण्याला फक्त १.१ पट आहे! मी परिचारिका आहे. सलग चौथ्या रात्री, पहाटे चारला, बाटलीवरचं लेबल मी तीनदा वाचते, आणि तिसऱ्यांदा वाचताना आधी काय वाचलं ते आठवत नाही. त्याचे १.१? शिवाय ११ पैकी किती लागू धरायचे, हे तपासणारा अंदाजाने ठरवतो. त्याने ०.४ लिहिलं की ११ चे ५ होतात (मूळ १, अधिक वरच्या १० चे ०.४), ०.१ लिहिलं की २. याला मोजमाप म्हणायचं?

गेजमास्तर:
१.१ मलाही खटकतो. पण तो लिहिलेला आहे म्हणून तर आपण त्यावर भांडतोय. 'थकवा असतोच' एवढंच म्हटलं असतं तर खोडणार काय?

तिसरी घंटा:
दुसऱ्या महायुद्धात बी-१७ विमान उतरल्यावर वैमानिक फ्लॅप्सऐवजी (पंखांच्या हलत्या पट्ट्या) चाकंच वर घ्यायचे आणि विमान पोटावर बसायचं. मानसशास्त्रज्ञ अल्फोन्स चापानिस यांनी पाहिलं तर दोन्ही खटके शेजारीशेजारी, हुबेहूब सारखे. त्यांनी सुचवलं, एकाला चाकाचा आकार द्या, दुसऱ्याला पाचरीचा, बोटांनाच कळेल. गुणक कुठे लागला?

रातपाळी:
हेच म्हणतेय. आमच्याकडे सारख्या दिसणाऱ्या दोन बाटल्या एकाच खणात असतात. वेगळ्या ठेवा म्हटलं तर उत्तर आलं, "आजवर काही झालंय का?"

गेजमास्तर:
तिथेच तर मोजमाप लागतं! होता होता राहिलेल्या चुका महिनाभर लिहा. तारीख, पाळीचा कितवा तास, हातात कुठली बाटली आली. गुणक राहू द्या बाजूला.

रातपाळी:
लिहीन, पण नावं न घालता. नाव मागितलं की दुसऱ्या आठवड्यापासून वही कोरी राहते, हे मी पाहिलंय.