‘एअर इनटेक’ला ‘वायुशोषक’ म्हणावं का?

प्रश्न: स्वनातीत (ध्वनीहून जलद) विमानांवरच्या एका लेखाचं भाषांतर करतोय. ‘एअर इनटेक’ला (इंजिनात हवा शिरते ते तोंड) ‘वायुशोषक’ आणि ‘नॉर्मल शॉक’ला ‘सामान्य आघाततरंग’ (ध्वनीहून जलद हवेचा वेग ज्या पातळ पडद्यापाशी एकदम घटतो तो) लिहिलंय. दोन्ही खटकतायत.

प्रतिसाद: ‘सामान्य’ आधी खोडा! इथला नॉर्मल भूमितीतला आहे, काटकोनातला. प्रवाहाला थेट आडवा येतो तो ‘लंब आघाततरंग’. इनटेकच्या तोंडात बसवलेल्या शंकूच्या टोकापासून निघतो तो ‘तिरकस’. मॅक 2 ने, म्हणजे ध्वनीच्या दुप्पट वेगाने, आलेली हवा एकाच लंब तरंगातून गेली तर एका झटक्यात मॅक 0.58 वर येते खरी, पण एकूण दाबातला सुमारे 28 टक्के वाया जातो. म्हणून आधी तिरकस तरंगांनी वेग उतरवायचा आणि शेवटी लंब तरंग सौम्य ठेवायचा. मिग-21च्या नाकातला शंकू, कॉन्कॉर्डच्या इनटेकमधल्या हलत्या फळ्या, सगळ्यांचा खटाटोप याचसाठी.

प्रतिसाद: ‘शोषक’ धावपट्टीवर चालेल. तिथे इंजिन खरंच हवा ओढतं. मिग-21ला त्यासाठी जादा झडपाही आहेत. मॅक 2 ला हवा आपणहून अंगावर येते, तिला आवरायचं असतं. इंजिनातल्या हवा दाबणाऱ्या कॉम्प्रेसरला ती मॅक 0.5 च्या आसपासच पचते. मी ‘हवाद्वार’ लिहितो. ओढा नाहीतर आवरा, दार ते दारच. ‘नरसाळं’ही सुचवतील कुणी, पण ते अर्धंच खरं: ध्वनीहून जलद हवा निमुळत्या वाटेत मंदावते आणि एकदा ध्वनीच्या खाली आली की रुंद होणाऱ्या वाटेत.

प्रश्नकर्ता: ‘हवाद्वार’ घेतला. आणि ‘अनस्टार्ट’? मी ‘अनारंभ’ केलंय.

प्रतिसाद: नको हो, वाचणाऱ्याला वाटेल इंजिन चालूच झालं नाही. एसआर-71 या अमेरिकी टेहळणी विमानाच्या इनटेकमधला शंकू मॅक 1.6 पासून मागे सरकू लागे, पूर्ण वेगाला तब्बल 66 सेंटीमीटर. गणित जरा चुकलं की आतला लंब तरंग उसळून तोंडाबाहेर! हाच ‘अनस्टार्ट’. त्या बाजूचा रेटा गेला की विमान तिकडे हिसका देऊन वळे आणि वैमानिकाचं हेल्मेट काचेवर आपटे. याला आपला घरगुती ‘ठसका’ चपखल बसतो. हवाद्वाराला ठसका लागला. संपादकांनी नाक मुरडलंच, तर कंसात ‘तरंग-निष्कासन’ टाका.