शब्दचर्चा : अपोस्टिल, साक्षांकन, अधिप्रमाणन, वैधकरण

प्रश्न

एका मुखत्यारपत्राचे इंग्रजीतून मराठीत भाषांतर करण्याचे काम सध्या माझ्याकडे आहे. कॅलिफोर्नियात राहणाऱ्या एका गृहस्थांनी पुण्यातील वडिलोपार्जित सदनिका विकण्यासाठी आपल्या धाकट्या बहिणीच्या नावे ते करून दिले आहे. मूळ मजकूर दोन पानांचा आहे आणि तो अवघड नाही. अडचण आहे ती त्याला पाठोपाठ जोडलेल्या कागदांची. तिसऱ्या पानावर तिकडच्या नोटरीची ‘ॲक्नॉलेजमेंट’ आहे आणि चौथ्या पानावर त्या राज्याच्या ‘सेक्रेटरी ऑफ स्टेट’ यांच्या कार्यालयाने दिलेले ‘अपोस्टिल’, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून त्यावरील सही-शिक्क्याची ग्वाही देणारे प्रमाणपत्र, आहे. या दोन पानांत आणि सोबतच्या वकिलांच्या पत्रात मिळून ‘सर्टिफाय’, ‘अटेस्ट’, ‘ऑथेंटिकेट’, ‘नोटराइझ’ आणि ‘लीगलाइझ’ अशी पाच क्रियापदे येतात. माझ्या पहिल्या खर्ड्यात या सगळ्यांसाठी ‘प्रमाणित’ हा एकच शब्द अकरा वेळा आला आणि कोणी कशाबद्दल ग्वाही दिली आहे हे मलाच कळेनासे झाले. या शब्दांतला फरक मराठीत कसा राखावा? ‘अपोस्टिल’ला प्रतिशब्द आहे का, आणि नसल्यास तो शब्द लिहावा कसा?

पहिले उत्तर

आपल्या खर्ड्यात ‘प्रमाणित’ अकरा वेळा आले, याचा दोष भाषेच्या माथी मारता येणार नाही. मराठीत या कामासाठी शब्द भरपूर आहेत, पण आपण ते एकमेकांत मिसळून टाकले आहेत. ‘अटेस्टेड करून आण’, ‘नोटरी करून घे’, ‘ट्रू कॉपीचा शिक्का मारून दे’ ही झेरॉक्सच्या दुकानासमोर ऐकू येणारी तीन वाक्ये आपल्याला सारखीच वाटतात, कारण तिन्हींचा शेवट एका गोल शिक्क्यात होतो. भाषांतर करताना शिक्का क्षणभर बाजूला ठेवून एकच विचारावे : शिक्का मारणाऱ्याने स्वतः काय पाहिले?

ज्याने मूळ कागद आणि त्याची प्रत शेजारी ठेवून पाहिली, त्याने दिलेली ती ‘सत्यप्रत’ होय. कचेऱ्यांतल्या जुन्या मराठीत तिला ‘खरी नक्कल’ म्हणत, आणि ‘अस्सल’ व ‘नक्कल’ ही जोडी इतकी नेमकी आहे की ती विस्मृतीत जाऊ लागल्याची मला खंत वाटते. ज्याने प्रत्यक्ष सही होताना पाहिली तो साक्षीदार. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ३ मध्ये ‘अटेस्टेड’ या शब्दाची जी व्याख्या आहे ती या साक्षीदारांचीच आहे, आणि तिथे किमान दोघांची साक्ष लागते. ‘साक्षांकन’ या शब्दातली साक्ष मुळात हीच. राजपत्रित अधिकाऱ्याने गुणपत्रिकेच्या प्रतीवर केलेल्या सहीलाही आपण साक्षांकनच म्हणतो. वहिवाटीने तो अर्थ रुळला आहे आणि त्याला आता हरकत घेण्यात अर्थ नाही. मात्र आपल्या भाषांतरात दोन्ही अर्थ एकाच पानावर येऊ देऊ नयेत.

नोटरीने काय पाहिले? त्याने माणूस पाहिला. सही करणारी व्यक्ती समोर हजर झाली, तिची ओळख पटली आणि ही सही माझीच आहे असे तिने सांगितले, इतकेच कॅलिफोर्नियाचा नोटरी लिहून देतो. तिकडच्या नमुन्यात वरच्या बाजूला चौकटीत स्पष्ट सूचना छापलेली असते की, हे प्रमाणपत्र सही करणाऱ्याची केवळ ओळख पडताळते, दस्तऐवजातील मजकुराचा खरेपणा, अचूकपणा किंवा वैधता पडताळत नाही. आपल्याकडील कागदावरही ती चौकट असेल. तिचे भाषांतर गाळू नये. ‘ॲक्नॉलेजमेंट’साठी कोशात पहिला सापडणारा ‘पोच’ हा शब्द इथे घातक आहे, कारण पोच पावतीची असते. आपल्याकडे दुय्यम निबंधकासमोर लिहून देणारा दस्ताची ‘कबुली’ देतो. तोच शब्द इथे चपखल बसतो. ‘एक्झिक्यूटेड’ असे आले असेल, तर कायद्याच्या मराठीत त्याला ‘निष्पादित’ म्हणतात. ‘अंमलबजावणी केली’ असे लिहिल्यास सदनिका विकून झाली असा समज होईल. नोटरीला ‘लेखप्रमाणक’ असा शब्द घडवला गेला आहे, पण लोक ‘नोटरी’च म्हणतात आणि मीही तेच म्हणेन. फक्त ‘नोटरी’ हा माणूस आहे हे भाषांतरात तरी लक्षात ठेवावे. बोलताना ‘नोटरी केली’ चालते. लिहिताना ‘नोटरीसमोर कबुली दिली’ असे लिहावे.

आता अपोस्टिल. ते देणाऱ्या अधिकाऱ्याने माणूस पाहिलेला नाही, सही होताना पाहिलेली नाही आणि मुखत्यारपत्राचा मजकूर वाचण्याचे त्याला कारणही नाही. त्याच्या समोर असते ती नोटरीची सही, आणि ती ताडून पाहायला त्याच्या कार्यालयातली नोटरीची नोंद. ५ ऑक्टोबर १९६१ रोजी हेग येथे झालेल्या कराराच्या पाचव्या कलमात अपोस्टिलने काय सिद्ध होते ते सांगितले आहे : सही खरी आहे, सही करणाऱ्याने कोणत्या नात्याने सही केली आणि शिक्का कोणाचा आहे. याच्या पलीकडे काहीही नाही. म्हणून ‘सत्य’ या शब्दापासून सुरू होणारा कोणताही प्रतिशब्द इथे टाळावा. हिंदीतून येऊ घातलेला ‘सत्यापन’ तर मुळीच नको; त्यातून सरकारने मजकूर खरा ठरवला असा भास होतो. ‘प्रमाणीकरण’ही नको, कारण प्रमाणभाषेपासून औद्योगिक मानकांपर्यंत तो शब्द आधीच दुसऱ्या कामाला जुंपलेला आहे. ‘ऑथेंटिकेट’साठी कायद्याच्या मराठीतला ‘अधिप्रमाणित’ घ्यावा. तो रूक्ष असला तरी त्याला दुसरा अर्थ नाही.

‘अपोस्टिल’ मात्र तसेच ठेवावे. फ्रेंचमध्ये या शब्दाचा अर्थ समासात लिहिलेली टीप असा आहे आणि त्याचे मूळ मध्ययुगीन लॅटिनमधील ‘पोस्टिला’मध्ये आहे. ‘त्या शब्दांनंतर’ अशा अर्थाच्या ‘पोस्ट इल्ला’ या शब्दांशी त्याचा संबंध जोडला जातो. त्या दृष्टीने आपला ‘ताजा कलम’ त्याचा चुलतभाऊ ठरेल, पण मुखत्यारपत्राला ताजा कलम जोडला असे लिहिले तर निबंधक कार्यालयात गोंधळच उडेल. करारानेच शीर्षक फ्रेंचमध्ये लिहिण्याची अट घातली आहे. जगभर एकच शब्द दिसावा, म्हणजे भाषा न जाणणाऱ्या अधिकाऱ्यालाही कागद ओळखता यावा, हा त्यामागचा हेतू. तेव्हा त्याचे भाषांतर करणे म्हणजे त्या हेतूवरच बोळा फिरवणे होय. उच्चाराबाबत सांगायचे तर फ्रेंच माणूस ‘आपोस्तीय’च्या जवळ काहीतरी म्हणतो, इंग्रजीतून आपल्याकडे ‘अपोस्टिल’ आले, आणि दलालांच्या पाट्यांवर ‘अपोस्टाइल’ही दिसते. ‘अपोस्टिल’ लिहावे आणि नपुंसकलिंगी वापरावे : ते अपोस्टिल, अपोस्टिलाचा क्रमांक. ‘अपोस्टल’ असे कदापि लिहू नये, कारण तो ख्रिस्ताचा प्रेषित. एका भाषांतरात ‘प्रेषिताचे प्रमाणपत्र सोबत जोडले आहे’ असे वाक्य मी स्वतः वाचलेले आहे.

जाता जाता एक सूचना. ‘सेक्रेटरी ऑफ स्टेट’चे ‘परराष्ट्रमंत्री’ करू नये. अमेरिकेच्या केंद्र सरकारात त्या पदनामाचा अर्थ तो आहे, पण इथे कॅलिफोर्निया राज्याचा एक पदाधिकारी अभिप्रेत आहे. ‘कॅलिफोर्निया राज्याचे सेक्रेटरी ऑफ स्टेट’ असेच लिहावे.

दुसरे उत्तर

वरील विवेचनाशी मी बव्हंशी सहमत आहे, पण ‘लीगलाइझ’ हे क्रियापद त्यात राहून गेले, आणि माझ्या मते सर्वांत जास्त फसवणारा शब्द तोच आहे. ‘कायदेशीर करणे’ असे भाषांतर केल्यास तो कागद आधी बेकायदेशीर होता असे वाटते. आपल्याकडे गुंठेवारीतली घरे नियमित करतात, जन्माचे दाखले नव्हे. १९६१ च्या करारात या शब्दाचा अर्थ फार मर्यादित आहे : ज्या देशात कागद दाखवायचा, त्या देशाच्या वकिलातीने सही, पद आणि शिक्का यांबाबत दिलेली ग्वाही. कराराचे नावच मुळी अशी अट रद्द करणारा करार असे आहे. भारताच्या बाबतीत तो १४ जुलै २००५ पासून लागू झाला. त्यामुळे आपल्या मुखत्यारपत्राला अपोस्टिल असेल, तर त्याला वकिलातीचा शिक्का लागत नाही; वकिलांच्या पत्रात ‘लीगलाइझ्ड’ लिहिले असेल तर ते सैल वापराचे उदाहरण समजावे. हा सैलपणा काही आपलाच नाही. ब्रिटनमध्ये जे सरकारी कार्यालय अपोस्टिल देते, त्याच्या नावातही ‘लीगलायझेशन’ आहे.

खरे वैधकरण, म्हणजे करारातल्या अर्थाचे ‘लीगलायझेशन’, पाहायचे असेल, तर आखाताकडे जाणाऱ्या माणसाच्या पिशवीत डोकवावे. संयुक्त अरब अमिराती, कतार आणि कुवेत या करारात नाहीत. म्हणून रत्नागिरी-रायगडकडचा मुलगा पदवीचे प्रमाणपत्र घेऊन दुबईला निघतो, तेव्हा त्या एका कागदाच्या पाठीवर आधी राज्य शासनाचा, मग केंद्राच्या परराष्ट्र मंत्रालयाचा आणि मग अमिरातीच्या वकिलातीचा शिक्का चढतो, आणि तिकडे पोहोचल्यावर त्यांच्या परराष्ट्र खात्याचाही. या साखळीतल्या प्रत्येकाने फक्त आपल्या मागच्याची सही ओळखलेली असते. या साखळीला ‘वकिलातीचे साक्षांकन’ म्हणावे असे मी सुचवतो. ‘दूतावास’ कळतो, पण ‘वकिलात’ हा शब्द मराठी राज्यातला आहे. परदरबारी पाठवलेला तो वकील. कोर्टातले वकीलसाहेब नंतर आले.

याच संदर्भात ‘मंत्रालय’ या शब्दाकडेही लक्ष द्यावे. परराज्यातल्या माणसाला ‘मंत्रालयाचा शिक्का’ म्हणजे दिल्लीचा वाटतो. मुंबईकराला नरिमन पॉइंटजवळची ती इमारत दिसते. भाषांतरात दरवेळी ‘राज्य शासनाचे मंत्रालय, मुंबई’ किंवा ‘परराष्ट्र मंत्रालय, नवी दिल्ली’ असे पूर्ण लिहावे.

‘शिक्कामोर्तब’ हा शब्द सुचवण्याचा मोह मलाही झाला होता. शिवकालीन पत्रात शिक्का माथ्यावर असे आणि ‘मर्यादेयं विराजते’ ही छोटी मुद्रा मजकूर संपताच उमटवली जाई, जेणेकरून खाली कोणी आणखी एक ओळ घुसडू नये. मोर्तब म्हणजे ही अखेरची मुद्रा. अपोस्टिलाचे काम तसे नाही. अपोस्टिल असलेला कागदही परक्या देशातले कार्यालय मजकुराच्या कारणावरून नाकारू शकते. शिक्कामोर्तब झाल्यावर मात्र बोलायला जागा उरत नाही.

तिसरे उत्तर

मी गोव्यात असल्यामुळे एक वेगळी बाजू मांडतो. ‘नोटरी हा फक्त ओळख पाहतो’ हे कॅलिफोर्नियाबाबत खरे आहे, पण युरोपातील पोर्तुगालसारख्या देशांत नोटरी हा स्वतः दस्त लिहितो, दोन्ही पक्षांना वाचून दाखवतो आणि मूळ आपल्या दप्तरी ठेवतो. त्या परंपरेचा अंश गोव्यात अजून आहे. वारसाचा दस्त इथे ‘विशेष नोटरी’समोर होतो आणि तसा स्वतंत्र कायदा २०१२ मध्ये झाला. भाषांतर कोणत्या देशाच्या कागदाचे आहे हे पाहिल्याशिवाय नोटरीच्या कामाचे क्रियापद ठरवू नये, एवढेच मला म्हणायचे आहे.

‘खरी नक्कल’वरून आठवले. पोर्तुगीज राष्ट्रीयत्वासाठी लिस्बनला जन्मनोंद पाठवणारे लोक आमच्याकडे ‘तेओर’ मागतात. तो जुन्या पोर्तुगीज नोंदवहीतला उतारा असतो, आणि त्यातला प्रत्येक शब्द, बाजूच्या समासातील शेऱ्यांसह, जसाच्या तसा उतरवलेला असतो. संक्षिप्त दाखल्याला अपोस्टिल लावून नेला आणि तेओर मागितला गेला, असे झाल्याचे मी माझ्याच घरात पाहिले आहे. अपोस्टिल बिनचूक होते, पण ते लावले होते चुकीच्या कागदाला. मराठीत तेओरला ‘बरहुकूम नक्कल’ म्हणता येईल.

पुन्हा प्रश्नकर्ती

तिघांचीही आभारी आहे. ‘काय पाहिले’ ही कसोटी लावून मी खर्डा नव्याने केला आणि ‘प्रमाणित’ हा शब्द आता एकदाच, अपोस्टिलाच्या मधल्या ‘सर्टिफाइड’ या शीर्षकापाशी उरला आहे. तिथे दुसरा शब्द घालण्याचे कारण दिसले नाही.

अपोस्टिलाचा चौकोन करारानुसार प्रत्येक बाजूला किमान नऊ सेंटिमीटरचा असतो आणि त्यात क्रमांक घातलेल्या दहा बाबी असतात. त्यांपैकी बहुतेक सरळ आहेत : देश, ठिकाण, दिनांक, क्रमांक, सही. पहिल्या चार बाबी मिळून मी असे वाक्य केले आहे : ‘देश : अमेरिकेची संयुक्त संस्थाने. या सार्वजनिक दस्तऐवजावर अमुक यांनी कॅलिफोर्निया राज्याचे नोटरी या नात्याने सही केली असून त्यावर त्यांचा शिक्का आहे.’ ‘शिक्का धारण करतो’ असे मी आधी लिहिले होते. ते वाचून माझ्या आईने विचारले की कागद काय दागिने घालतो का, आणि मी ते खोडले. ‘कपॅसिटी’साठी मी ‘क्षमता’, ‘अधिकार’ आणि ‘हैसियत’ यांच्यामध्ये दोन दिवस घालवले होते, पण पहिल्या उत्तरात कराराच्या कलमाचा सारांश देताना ‘कोणत्या नात्याने’ असे सहज लिहिलेले दिसले आणि प्रश्न सुटला.

एक गोष्ट मात्र मला उशिरा लक्षात आली. नवव्या बाबीतील ‘सील किंवा स्टॅम्प’चे भाषांतर मी ‘मोहर किंवा मुद्रांक’ असे केले होते. महाराष्ट्रात मुद्रांक म्हणजे शुल्क, आणि राज्याबाहेर निष्पादित झालेला दस्त राज्यात प्रथम आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर ते शुल्क भरावे लागते. अपोस्टिलावर मुद्रांक आहे असे मराठीत वाचून त्या बहिणीने शुल्क भरले गेले असे समजून मुदत जाऊ दिली असती, तर त्याचे खापर माझ्या शब्दावर फुटले असते. आता तिथे ‘मोहर किंवा शिक्का’ आहे, आणि पत्रासोबत मुद्रांकाची आठवण वेगळी लिहून पाठवली आहे.